मेद्नी बेटाची भाषा: धातू अल्यूत, प्रत्यय रशियन

रशियाच्या अतिपूर्वेकडच्या कामचात्का द्वीपकल्पाच्या पूर्वेला, बेरिंग समुद्र आणि प्रशांत महासागर एकमेकांना भेटतात तिथे, कमांडर बेटांचा छोटा समूह आहे. त्यातली मोठी बेटं दोनच, बेरिंग आणि मेद्नी. दोघांमध्ये पन्नासेक किलोमीटर पाणी. अठराव्या शतकापर्यंत दोन्हीवर माणसाची वस्ती नव्हती. एकाच कंपनीने, एकाच धंद्यासाठी, साधारण एकाच सुमारास दोन्ही बेटांवर अल्यूत कुटुंबं आणून वसवली. अल्यूत म्हणजे अलास्का आणि कामचात्का यांच्या दरम्यान पसरलेल्या अल्यूशन बेटसाखळीचे मूळ रहिवासी. दोन्हीकडे तेच ऑर्थोडॉक्स चर्च, तेच रशियन कारभारी, तीच सीलची शिकार, आणि पुढे तीच सोव्हिएत शाळा. असं असूनही बेरिंग बेटावरची अल्यूत भाषा रशियन शब्द भरभरून घेत अल्यूतच राहिली, तर मेद्नीवर एक वेगळीच भाषा तयार झाली. तिच्या क्रियापदांचे धातू अल्यूत आणि त्या धातूंना लागणारे काळ-पुरुषाचे प्रत्यय रशियन.

भाषाविज्ञानात तिला मेद्नी अल्यूत म्हणतात. ती अस्खलित बोलणारी अखेरची व्यक्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये वारली. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२१ मध्ये, शेजारच्या बेरिंग बोलीची अखेरची जन्मभाषक गेली होती. म्हणजे मिश्र झालेली भाषा आणि मिश्र न झालेली भाषा, दोघींचा शेवट जेमतेम दीड वर्षाच्या अंतराने झाला. हे प्रकरण उलगडताना ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. भाषेत भेसळ झाली की ती मरते, हे आपल्याकडे इतक्या सहज बोललं जातं की त्याला पुरावा मागावा असंही कुणाला वाटत नाही. इथे पुरावा आहे आणि तो उलट बाजूचा आहे.

माणसं कुठून आली

व्हिटस बेरिंगचं ‘सेंट पीटर’ जहाज १७४१ मध्ये अलास्काचा किनारा पाहून परतताना या बेटांपाशी फुटलं. डिसेंबरात कमांडर बेरिंग तिथेच वारला. बेटांना नाव पडलं ते त्याच्या हुद्द्यावरून. जे वाचले त्यांनी फुटक्या जहाजाच्या लाकडातून नवी नाव बांधली आणि १७४२ मध्ये ते कामचात्काला पोचले, समुद्री ऊदमांजरांची कातडी घेऊन. या कातड्याला चिनी बाजारात मोठी किंमत मिळे. तिथून फरच्या मागे लागलेल्या रशियन शिकाऱ्यांची रीघ लागली. बेटामागून बेट करत ते अल्यूशन साखळीत शिरले. कमांडर बेटांना सर्वांत जवळचं अल्यूत बेट म्हणजे अट्टू. तिथे ते १७४५ मध्ये उतरले आणि पहिल्याच भेटीत रक्त सांडलं. पुढची काही दशकं हिंसा, ओलीस ठेवून करवून घेतलेली शिकार आणि नवे रोग यांनी अल्यूतांची संख्या भयानक वेगाने घटवली. कातडी होडीतून खुल्या समुद्रात शिकार करण्याचं कसब मात्र त्यांच्याइतकं कुणाकडेच नव्हतं. त्यामुळे धंद्याला माणसं हवी होती ती हीच.

मेद्नी म्हणजे तांब्याचं बेट. किनाऱ्यावर शुद्ध तांब्याचे तुकडे सापडले, म्हणून हे नाव. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी फार तर सहा-सात. उभे कडे, धुकं, अखंड वारा, झाड म्हणावं असं काही नाही. तांब्यातून काही निघालं नाही. कमाई होती ती किनाऱ्यावर पिल्लं घालायला येणाऱ्या सीलमध्ये. १७९९ मध्ये स्थापन झालेल्या रशियन-अमेरिकन कंपनीने १८२०च्या दशकात इथे कायमची वस्ती करायचं ठरवलं आणि अल्यूत कुटुंबं हलवली. बेरिंग बेटावर प्रामुख्याने अल्यूशन साखळीतल्याच अट्का बेटाची माणसं आली, मेद्नीवर प्रामुख्याने अट्टूची. अट्का आणि अट्टू या एकाच भाषेच्या दोन बोली, पण पुष्कळ वेगळ्या. ‘हलवली’ हे क्रियापद इथे जपून वाचायला हवं. कुठे राहायचं हे त्या लोकांनी ठरवलेलं नव्हतं, कंपनीच्या हिशेबाने ठरवलं होतं. दीडशे वर्षांनी पुन्हा तसंच घडणार होतं.

मेद्नीवरच्या गावाचं नाव प्रेओब्राझेन्स्कोये. काही शे माणसांचं गाव. त्यात थोडे रशियन नोकर, अल्यूत कुटुंबं, आणि तिसरा गट क्रेओल लोकांचा. रशियन बाप आणि अल्यूत आई यांच्या मुलांना रशियन अमेरिकेत हे नाव होतं, आणि ते नुसतं वर्णन नव्हतं. १८२१च्या सनदेने क्रेओल हा कायद्याने स्वतंत्र वर्ग ठरवला. त्यातली मुलं शिकत, कारकून होत, जहाजं चालवत, पाद्री होत. अट्काचा पाद्री याकोव नेत्स्वेतोव हा स्वतः क्रेओल होता. अल्यूतांपेक्षा त्यांना सवलती जास्त होत्या, पण रशियनांच्या नजरेत ते आपल्यातले नव्हते. दोन्ही घरांत पाय ठेवलेली ही माणसं या प्रकरणाच्या मध्यभागी आहेत.

१८६७ मध्ये रशियाने अलास्का विकलं. अल्यूशन साखळी अमेरिकेकडे गेली, कमांडर बेटं रशियाकडे राहिली. अट्टू आणि मेद्नी यांच्यामधून आंतरराष्ट्रीय सीमा गेली. एका बेटावरची आजी परदेशी झाली, असं म्हटलं तरी चालेल. १८७१ ते १८९१ या काळात सीलच्या शिकारीचा मक्ता हचिन्सन-कोल या अमेरिकी कंपनीकडे होता, नंतर तो रशियन कंपन्यांकडे आला. मालक बदलत गेले. काम तेच राहिलं.

भाषेचा सांगाडा

अल्यूत भाषा एस्किमो-अल्यूत कुळातली. मूळ शब्दाला प्रत्ययामागून प्रत्यय लावत वाक्य बांधायची तिची रीत आहे. मेद्नीच्या भाषेत ‘बस’ या अर्थाचा धातू ‘उङुचि’ हा खास अल्यूत धातू आहे. आता त्याची वर्तमानकाळी रूपं पाहा. मी बसतो: उङुचियु. तू बसतोस: उङुचिइश. तो बसतो: उङुचिइत. आम्ही: उङुचिइम. तुम्ही: उङुचिइती. ते: उङुचियुत. रशियन येणाऱ्याला हे शेपूट लगेच ओळखू येतं. रशियनमध्ये ‘बोलणे’ या क्रियापदाची रूपं गवर्यू, गवरीश, गवरीत, गवरीम अशीच चालतात.

मराठी वाचकाला हे कसं वाटेल याची कल्पना यावी म्हणून असं समजा की एखाद्या गावात सगळे धातू मराठी आणि त्यांची चाल हिंदी आहे. ‘मैं जेवता हूँ, वो जेवेगा, तुम मत जेवो, हम निजेंगे.’ आणि ही थट्टा नाही. आई मुलाला याच भाषेत रागावते, म्हातारे याच भाषेत हवामानाचा अंदाज सांगतात, आणि गावाला ती पूर्ण भाषा वाटते.

आपण इंग्रजी शब्द घेतो तेव्हा याच्या उलट करतो. ‘मॅनेज केलं’, ‘ऍडजस्ट करू या’ असं म्हणताना शब्द परका असतो, पण काळ, पुरुष, लिंग, वचन सांभाळणारं यंत्र मराठीच असतं. जगातल्या बहुतेक भाषा उसनवारी याच प्रकारे करतात. शब्द घ्यायला सोपा, प्रत्यय घ्यायला अवघड. क्रियापदाचे काळ-पुरुषाचे प्रत्यय हे तर भाषेचं अगदी आतलं अंग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आंत्वान मेये यांच्यासारखे मोठे भाषाशास्त्रज्ञ मानत असत की एका भाषेच्या व्याकरणव्यवस्थेत दुसरीचा शिरकाव होत नाही. मेद्नीच्या काही शे शिकाऱ्यांनी नेमकं तेच अंग दुसऱ्या भाषेतून उचललं होतं.

आणि तेही अर्धवट नाही. भूतकाळ रशियन पद्धतीचा, ‘ल’ लावून. रशियन भूतकाळात पुरुष कळत नाही, म्हणून तिथे सर्वनाम लागतं. मेद्नीतही भूतकाळाबरोबर सर्वनामं येऊ लागली, तीही रशियन. भविष्यकाळ रशियन सहायक क्रियापदाचा. नकार रशियन ‘नि’चा, धातूच्या पुढ्यात जोडलेला, अल्यूतमध्ये नकार प्रत्ययाने होतो. आणि, की, जर, म्हणून असे वाक्य जोडणारे शब्द बरेचसे रशियन. क्रियापदाला काळाच्या शेपटाआधी लागणारे अर्थाचे प्रत्यय, म्हणजे करवणं, पुन्हा करणं अशा छटा देणारे, ते मात्र अल्यूतच.

नामांकडे वळलं की वेगळंच चित्र दिसतं. बहुतेक नामं अल्यूत, आणि त्यांची चालही अल्यूत. ‘माझं’, ‘त्याचं’ हे सांगायला नामालाच प्रत्यय लागतात. रशियनच्या सहा विभक्ती तिकडे फिरकलेल्या नाहीत. म्हणजे एकाच वाक्यात नाम अट्टूच्या नियमाने चालतं आणि क्रियापद रशियाच्या.

हा तपशील मी इतका लांबवला, कारण सगळा निकाल इथेच लागतो. ज्याला भाषा नीट येत नाही तो काय करतो? प्रत्यय गाळतो, रूपं सपाट करतो, अवघड जागा टाळतो. बाजारात गरजेपुरत्या तयार होणाऱ्या कामचलाऊ भाषांमध्ये हेच दिसतं. मेद्नीत असं काही नाही. अल्यूत नामाचे अवघड प्रत्यय शाबूत आहेत, म्हणजे बोलणाऱ्यांना अल्यूत उत्तम येत होती. रशियन क्रियापदाची रूपं जिथल्या तिथे आहेत, म्हणजे रशियनही उत्तम येत होती. ही भाषा अज्ञानातून आलेली नाही. दोन्ही भाषांवर हुकमत असलेल्या माणसांनी ती घडवली आहे.

कोडं कसं सोडवायचं

बाहेरच्या जगाने या भाषेची दखल उशिरा घेतली. १९६०च्या दशकात सोव्हिएत अभ्यासक गिओर्गी मेनोव्श्चिकोव यांनी तिच्याविषयी लिहिलं, आणि एका भाषेचं व्याकरण दुसरीला किती आत येऊ देतं या प्रश्नात तिला उदाहरण म्हणून मांडलं. पाश्चात्त्य भाषाविज्ञानात ती गाजली ती १९८८ मध्ये, सारा थॉमसन आणि टेरेन्स कॉफमन यांच्या भाषासंपर्कावरच्या ग्रंथामुळे. दरम्यान लेनिनग्राडचे येवगेनी गोलोव्को आणि निकोलाय वाख्तिन १९८०च्या दशकात कमांडर बेटांवर जाऊन प्रत्यक्ष बोलणाऱ्यांकडून सामग्री गोळा करत होते. १९९० मध्ये त्यांनी जो लेख प्रसिद्ध केला त्याच्या शीर्षकातच या भाषेला कोडं म्हटलं आहे.

कोड्याची उत्तरं बरीच सुचवली गेली. रशियन पुरुषांनी मोडकीतोडकी अल्यूत शिकली आणि त्यातून हे झालं, हे सर्वांत सहज सुचणारं उत्तर. पण वर सांगितलेल्या नामरूपांपुढे ते टिकत नाही. दुसरं उत्तर क्रेओल समाजाकडे बोट दाखवतं. ना पुरते रशियन, ना पुरते अल्यूत अशा, कायद्यानेही वेगळ्या काढलेल्या लोकांना आपली म्हणावी अशी भाषा हवी होती आणि त्यांनी ती हातातल्या दोन भाषांतून जुळवली. गोलोव्को यांनी पुढे याला एक जिवंत बाजू जोडली: दोन भाषा येणारी माणसं भाषेशी खेळतात, मुद्दाम सरमिसळ करून हसतात, आणि खेळ एका गटाची खूण बनला की तो पुढच्या पिढीला भाषा म्हणून मिळतो. वाख्तिन यांनी १९९८ मध्ये याच्या अगदी उलटा क्रम मांडला. त्यांच्या मते लोक आधी रशियनकडे बरेच सरकले होते आणि मग अल्यूत परत मिळवण्याच्या ओढीने त्यांनी आपल्या रशियन बोलण्यात अल्यूत धातू आणि नामं पुन्हा भरली.

या दोन शेवटच्या मांडण्यांपैकी माझा कौल पहिलीला आहे. कारण पुन्हा नामरूपं. भाषा हातातून निसटल्यावर माणूस शब्द परत गोळा करू शकतो, पण नामाला लागणारी मालकीची बारीक व्यवस्था जशीच्या तशी परत बसवणं फार अवघड. ती व्यवस्था कधी तुटलीच नसावी, असं मला वाटतं. वाख्तिन यांच्या म्हणण्यातली एक गोष्ट मात्र मनात राहते: या लोकांना अल्यूत सोडायची नव्हती. दोन्ही मांडण्या याबाबत एकमेकींच्या जवळ येतात, आणि मला हा या प्रकरणाचा गाभा वाटतो.

बेरिंग बेटाशी तुलना इथे कामाची आहे. तिथे रशियन तितकीच होती, शब्दांची उसनवारी भरपूर होती, पण क्रियापद अल्यूतच राहिलं. तेव्हा नुसत्या संपर्काने अशी भाषा होत नाही. मेद्नीवर क्रेओलांचं वजन जास्त होतं, आणि ‘आम्ही कोण’ हा प्रश्नही तिथे जास्त टोकदार होता. संपर्क दोन्हीकडे होता, पण नव्या खुणेची गरज मेद्नीवर होती.

एक उदाहरण आपल्या घरचं आहे आणि ते याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने भिडतं. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाड गावाचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि भाषासंपर्काच्या अभ्यासात तो आजही पायाभूत मानला जातो. कुपवाडात मराठी, कन्नड आणि उर्दू पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदल्या. तिन्हींची वाक्यरचना इतकी जवळ आली की एका भाषेतल्या वाक्याचे शब्द तेवढे बदलले की दुसऱ्या भाषेतलं वाक्य तयार. पण शब्द आणि प्रत्यय मात्र प्रत्येकाने आपापले राखले, कारण घरात कोणती भाषा बोलता त्यावरून तुम्ही कोण हे कळत होतं. कुपवाडात प्रत्यय हे कुंपण राहिलं. मेद्नीवर तेच कुंपण एका नव्या गटाने आपल्याभोवती नव्याने घातलं. माणसांना भाषेकडून काय हवं आहे यावर त्या भाषेचं रूप किती अवलंबून असतं, हे या दोन गावांतून जितकं स्पष्ट दिसतं तितकं मला इतरत्र क्वचित दिसलं आहे.

अशा मिश्र भाषा जगात मोजक्या आहेत. कॅनडातल्या मेटिस लोकांच्या मिचिफमध्ये क्रियापदं क्री भाषेची आणि नामं फ्रेंच. इक्वाडोरमधल्या मेदिया लेंग्वात केचुआचं व्याकरण आणि स्पॅनिश शब्द. टांझानियातल्या माआमध्ये बांटू व्याकरण आणि शब्दसंग्रहाचा मोठा भाग कुशिटिक. प्रत्येकीची चिरफळी वेगळ्या जागी आहे. धातू आणि त्याचा प्रत्यय यांच्या मधोमध चीर गेलेली मेद्नीसारखी दुसरी दाखवणं कठीण.

शेवट कसा झाला

मेद्नी अल्यूत एका अलग बेटावरच्या एका गावाची भाषा होती, आणि ते गाव होतं तोवर ती मुलांच्या तोंडी होती. सोव्हिएत काळात शाळा रशियनमधून भरू लागली. अल्यूत बोलणं मागासपणाचं समजलं जाऊ लागलं आणि शाळेत मुलांना त्यापासून परावृत्त केलं जाऊ लागलं. बेरिंग बेटावरही हेच घडत होतं. कोणती भाषा शुद्ध आणि कोणती मिश्र याच्याशी शाळेला काही देणंघेणं नव्हतं. रशियन नाही, एवढं तिला पुरेसं होतं.

मग १९७०च्या सुमारास प्रेओब्राझेन्स्कोये बंद झालं. सोव्हिएत संघात त्या काळी लहान, ‘भवितव्य नसलेली’ ठरवलेली गावं बंद करून माणसं मोठ्या गावांत आणण्याचं धोरण होतं. मेद्नीच्या सगळ्या माणसांना बेरिंग बेटावरच्या निकोल्स्कोये गावात आणलं गेलं. एकाच गावात आता दोन अल्यूत बोल्या, आणि त्या बोलणाऱ्यांना एकमेकांचं सहज कळेना. मधली भाषा अर्थातच रशियन. त्यात निकोल्स्कोयेत बाहेरून आलेले रशियन आणि युक्रेनी कामगारही होते. मेद्नीची माणसं गावात अल्पसंख्य झाली, लग्नं बाहेर होऊ लागली, आणि आईबापांनी मुलांशी रशियनमध्ये बोलायला सुरुवात केली. त्यांना दोष देण्याचं धाडस मी करणार नाही. ज्या शाळेत स्वतः अपमान सोसला त्याच शाळेत मुलाला पाठवताना कोणती आई वेगळं वागली असती?

गोलोव्को आणि वाख्तिन पोचले तेव्हा बोलणारे सगळे वयस्कर होते. १९९०च्या दशकाच्या आसपास नीट बोलणारी माणसं दहा-बाराच्या घरात उरली होती. पुढची तीस वर्षं फक्त तो आकडा खाली येत गेला.

मेद्नी बेट आज निर्मनुष्य आहे आणि कमांडर बेटांच्या संरक्षित नैसर्गिक प्रदेशात मोडतं. तिथला निळसर कोल्हा दुर्मीळ म्हणून अभ्यासला जातो, जपला जातो, आणि ते योग्यच आहे. त्याच किनाऱ्यावर घडलेल्या भाषेसाठी मात्र तिच्या आयुष्यात असं संरक्षण कधी उभं राहिलं नाही.

आता अट्टूकडे वळायला हवं, कारण त्याशिवाय या प्रकरणाची किंमत कळत नाही. जून १९४२ मध्ये जपानी सैन्याने अट्टू घेतलं. तिथल्या चाळिसेक अल्यूतांना जपानमध्ये होक्काइदो बेटावरच्या ओतारू शहरात कैदेत ठेवलं. जवळपास निम्मे तिथे मेले, भुकेने आणि क्षयाने. युद्ध संपल्यावर वाचलेल्यांना अमेरिकी सरकारने अट्टूला परतू दिलं नाही. त्यांना अट्का बेटावर वसवलं. तिथे अट्टूची बोली अट्काच्या बोलीत विरली आणि काही दशकांत बोलणारं कुणी उरलं नाही. म्हणजे विसाव्या शतकाच्या शेवटी अट्टूच्या माणसांचे धातू, त्यांची नामं, त्यांचे मालकीचे प्रत्यय हे सगळं रोजच्या बोलण्यात जिवंत होतं ते एकाच जागी: निकोल्स्कोयेत आणलेल्या मेद्नीच्या म्हाताऱ्यांकडे, रशियन शेपटं लावलेलं. ज्या सरमिसळीला कुणी भ्रष्ट म्हटलं असतं तिनेच अट्टूची बोली तिच्या मूळ बेटापेक्षा जास्त काळ टिकवली.

शुद्धतेचा आग्रह आणि त्याचा हिशेब

मराठीत भाषाशुद्धीची चळवळ झाली आणि तिने काही सुंदर, आज सर्रास वापरात असलेले शब्द दिले, हे मला मान्य आहे. पण भाषेच्या आरोग्याची चाचणी म्हणून शुद्धता किती तोकडी आहे, हे कमांडर बेटांवर ताडून पाहता येतं. दोन बेटं, दोन भाषा, एक मिश्र, एक नाही. दोघींच्या मृत्यूची कारणं तीच: शाळेची भाषा, गाव उठणं, मुलांशी न बोलणं. मिश्रणाने मेद्नीला बेरिंगच्या आधी संपवलं नाही. उलट तिचे भाषक दीड वर्ष जास्त टिकले. दीड वर्षाच्या फरकावर कुठलाही सिद्धान्त उभा करता येत नाही, आणि मी करत नाही. पण मिश्रणाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणाऱ्यांना या दोन तारखांचं उत्तर द्यावं लागेल.

शुद्धतेच्या समजुतीचा परिणाम भाषा वाचवण्याच्या कामातही दिसतो. सोव्हिएत संघ संपता संपता निकोल्स्कोयेच्या शाळेत अल्यूत शिकवण्याचा विचार सुरू झाला. गोलोव्को यांनी १९९४ मध्ये प्राथमिक शाळेसाठी अल्यूत-रशियन कोश काढला, तो बेरिंग बोलीचा. निवड समजण्यासारखी आहे. बेरिंगची बोली अट्काच्या बोलीशी जुळणारी, अट्काच्या बाजूला लिखित सामग्री आधीपासून होती, आणि समुद्रापलीकडच्या नातेवाइकांशी तीच जोडून देणार होती. शीतयुद्धात तुटलेला तो धागा नंतर पुन्हा जुळलाही. १९९८ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय अल्यूत संघटना दोन्ही देशांतल्या अल्यूतांच्या वतीने आर्क्टिक परिषदेत बसते. पण यात मेद्नीच्या कुटुंबांतली मुलं कुठे होती? त्यांच्या आजीची भाषा पाठ्यपुस्तकात नव्हती. ‘खरी अल्यूत’ शिकायची तर आजीचं बोलणं विसरून शेजारच्या बेटाची बोली शिकायची, असा त्याचा अर्थ होत होता. पैसा आणि माणसं कमी असताना एकच बोली निवडावी लागते, हे मी जाणते; तरी दहा-बारा माणसं हयात होती तेव्हा चार पानांची का होईना, मेद्नीची वाचनपुस्तिका व्हायला हवी होती असं मला मनापासून वाटतं.

आज हातात काय आहे? १९८०च्या दशकातली ध्वनिमुद्रणं आणि टिपणं, गोलोव्को, वाख्तिन आणि इरिना सेकेरिना यांचे व्याकरणविषयक लेख, त्यात उद्धृत झालेली वाक्यं. अट्टूच्या बाजूने वाल्देमार योखेल्सन यांच्या १९०९-१०च्या मोहिमेत नोंदलेल्या कथा, आणि नॉर्वेचे भाषाशास्त्रज्ञ क्नुट बर्गस्लांड यांनी १९५०च्या दशकापासून अट्कावर केलेलं काम. त्यांच्या १९९४च्या मोठ्या अल्यूत कोशात अट्टूचे शब्दही आले आहेत. हे दोन ढीग आजवर वेगवेगळ्या प्रश्नांसाठी वाचले गेले. मेद्नीची सामग्री वाचतात ते मिश्र भाषांचे अभ्यासक, आणि त्यांचं लक्ष रशियन शेपटांवर. अट्टूची सामग्री वाचतात ते अल्यूतचे अभ्यासक, आणि मेद्नीकडे ते बाजूची, बिघडलेली साक्ष म्हणून बघतात.

मला वाटतं, ही दोन्ही वाचनं एकत्र आणण्याचं काम अजून करण्यासारखं आहे. मेद्नीच्या ध्वनिमुद्रणातल्या क्रियापदांची रशियन शेपटं बाजूला काढली की खाली अट्टूच्या धातूंची आणि अर्थप्रत्ययांची यादी उरते, खऱ्या आवाजात, खऱ्या उच्चारासह. योखेल्सनच्या कथांमधली अट्टूची काळ-पुरुषाची रूपं दुसऱ्या बाजूला ठेवली तर प्रत्येक धातू त्याच्या जुन्या शेपटासह पुन्हा लावून पाहता येईल, आणि कुठे लागतो, कुठे लागत नाही हेही कळेल. अलास्कात अट्टूच्या लोकांचे वंशज आहेत, निकोल्स्कोयेत मेद्नीच्या लोकांचे. या कामाची पहिली प्रत त्या दोन्ही घरांत जायला हवी, आणि निकोल्स्कोयेत जाणाऱ्या प्रतीत रशियन शेपटं होती तशीच ठेवलेली असावीत.